लोहचुंबकाचं भाडं

उद्यमबागेतल्या फौंड्रीतून
जळकी वाळू घेऊन ट्रॅक्टर निघतो
पहाटे, पहिल्या भोंग्याआधी,
आणि पिरनवाडीच्या पलीकडच्या खड्ड्यात ओतून जातो.
वाफ निघते तोवर थांबायचं.
हे भरमाक्कानं शिकवलं मला,
माझी चप्पल वितळल्यावर.

वाळूत लोखंड असतं.
साच्यातून सांडलेले थेंब, कुसळं,
मोहरीएवढी, वाटाण्याएवढी,
आणि क्वचित एखादा अख्खा बोल्ट,
तो आधी पदराखाली जातो
आणि मग आपल्याला दिसतो.

तिचं पहिलं चुंबक
कुठल्याशा गणपती मंडळाच्या फाटक्या स्पीकरमधलं.
दोरी बांधून ती ते वाळूवरून ओढायची
हट्टी शेरडू ओढावं तसं.
वर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली:
चिंधी सोडली की लोखंड आपोआप गळतं.
कुणी शिकवलं हे, विचारलं तर म्हणायची,
"बोटं सोलून निघाली की सुचतंय गे सगळं."

दस्तगीर भंगारवाल्याचा काटा
किलोमागं शंभर ग्रॅम खायचा.
भरमाक्का भांडली नाही.
मिठाचा एक किलोचा पुडा, न फोडलेला,
वाण्याकडून तशीच गेली
आणि त्याच्या पारड्यात ठेवला, चार गिऱ्हाइकांसमोर.
ठेवून नुसती उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी तिच्याकडं बारा चुंबकं.
बायका सकाळी न्यायच्या. दहा रुपये रोज,
पावसात पाच.
वही माझ्याकडं.
वार मराठीत, आकडे कानडी,
कारण शाळा दोन्ही अर्ध्याच झाल्या.
कुणाचं पोर तापलं
तर त्या दिवशीच्या रकान्यात
भरमाक्का फुली मारायला लावायची.
फुली म्हणजे माफ.
हडपदांच्या सुनेला कितीतरी दिवस वाटायचं
फुली म्हणजे बाकी,
वही उघडली की ती पाठमोरी बसायची.

मग एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
धंद्याचं नाव?
"नाव न्हाई."
पत्ता?
"वाळू पडंल तिथं."
पाटी आहे? कन्नडमध्ये की मराठीत?
भरमाक्का हसली. ते मात्र त्याला दोन्हींत कळलं.
"लोखंडी असंल तर कुठलीबी दे.
किलोवर घेतो."
त्यानं 'इतर'वर बोट ठेवलं
आणि बूट झाडत निघून गेला.

माघात फौंड्रीनं यंत्र बसवलं.
आता वाळू येते ती चाळून, चोखून.
चुंबक फिरवावं तर नुसती धूळ.
तीन दिवस बायका आल्या,
काठावर बसल्या, भाकऱ्या खाऊन गेल्या.
चौथ्या दिवशी शाबिरानं चुंबक परत आणलं,
चिंधी धुऊन, वाळवून, घडी घालून.
मग सगळ्यांनीच.

संध्याकाळी अकरा चुंबकं एका पोत्यात.
एकमेकांना अशी बसली
की पहार घालूनही सुटेनात.
बारावं कल्लव्वा गोकाकला घेऊन गेली, माहेरी.
"भाडं लावू तिचं?" मी विचारलं.
"फुली मार. नाव खोडू नको."
वहीवर वाकले
तर पेनाचं टोपण पोत्याकडं ओढ घेत होतं.

भरमाक्काचं लक्ष तिकडं नव्हतंच.
मूठभर वाळू तळव्यावर घेऊन
ती चोळत होती, जोंधळे पारखावेत तशी.
"बारीक हाय. मातीचा कण न्हाई हिच्यात.
येळ्ळूर रोडचा ब्लॉकवाला काय भाव देतोय,
विचारून ये जा."
"टाकलेली वाळू कोण घेणार?"
"लोखंड काय मांडून ठेवलं होतं व्हय?"

शेवटची बस पाऊण तासावर होती.
चिमूटभर वाळू रुमालात बांधून मी निघाले,
मग अर्ध्या वाटेवरून परत फिरले
आणि मूठभर घेतली.